गुहेतली वटवाघळं वर्षभर आणि वर्षानुवर्षं कशी मोजायची (सातारा-सांगलीकरांसाठी)

डिसेंबरात एखादा ट्रेकर गुहेत डोकावून येतो आणि सांगतो, "संपली हो सगळी, एकपण दिसलं नाही." सप्टेंबरात दुसरा जातो, तो म्हणतो "लाखानं आहेत राव, मोजता येणार नाहीत". दोघंही खरंच बोलत असतात, फक्त एकाच घरी एक जण लग्नाच्या दिवशी गेला आणि दुसरा सगळे सुगीला रानात असताना गेला एवढाच फरक. पण पुढं काय होतं, की ही दोन वाक्यं जोडून कोणीतरी "वटवाघळांची संख्या झपाट्यानं घटली" असं ठोकून देतो, आणि घटली का नाही हे खरंच कोणालाच माहीत नसतं.

हा लेख ज्यांच्या गावाजवळ एखादी गुहा, लेणं, किल्ल्यावरचं तळघर नाहीतर जुना बोगदा आहे आणि ज्यांना तिथली वटवाघळं नीट मोजायची आहेत त्यांच्यासाठी. डिग्री लागत नाही. महिन्यातली एक संध्याकाळ लागते आणि चिकाटी लागते, ती मात्र भरपूर. माझं म्हणणं एकच आहे, आधी एक पूर्ण वर्ष आपल्या गुहेचं चक्र समजून घ्या, आणि मग दरवर्षी अगदी त्याच पद्धतीनं मोजत राहा. आकडा शंभर टक्के अचूक नसला तरी चालतो, दरवेळी तो वेगळ्या रीतीनं काढला तर अजिबात चालत नाही.

पहिलं काम : गुहा निवडणं आणि परवानगी

आपल्या दोन जिल्ह्यांत जागांची कमी नाही. कराडजवळची आगाशिवची लेणी, वाईजवळ लोहाऱ्याची लेणी, महाबळेश्वरची रॉबर्स केव्ह, मिरजेकडं दंडोबाच्या डोंगरातलं गुहामंदिर, शिवाय प्रत्येक किल्ल्यावर एखादं टाकं-तळघर असतंच. यातल्या कुठल्या ठिकाणी किती वटवाघळं हे मी मुद्दाम लिहीत नाही आणि तुम्हीपण सोशल मीडियावर लिहू नका, लोकेशन टाकलं की पुढच्या रविवारी मशाली घेऊन पोरं पोचलीच म्हणून समजा.

नवीन माणसानं भव्य गुहेच्या नादी लागू नये. जिथून वटवाघळं बाहेर पडायला एकच तोंड आहे (फार तर दोन, पण मग माणसंपण दोन जागी बसवावी लागतात), जिथं जुलैच्या पावसात पण पोचता येतं, आणि जिथनं रात्री साडेआठला सुखरूप घरी येता येतं, अशी जागा बघा. दोनशे ते दोन हजार वटवाघळांची वसाहत शिकायला बेस्ट.

परवानगीचा कंटाळा करू नका. कोयना आणि चांदोली हा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं अंधार पडल्यावर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय थांबायचा विषयच नाही. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड असलेल्या लेण्यात सूर्यास्तानंतर राहायचं तर त्यांचंपण पत्र लागतं. देवाची गुहा असेल तर गुरव आणि गावातली दोन जाणती माणसं यांच्याशी आधी बोला, आणि नुस्तं परवानगीपुरतं बोलू नका, बसा, चहा घ्या, विचारा. कारण वर्षभराची माहिती त्यांच्याकडंच असते. एका गुरवानं मला सांगितलं होतं, "आवो पावनं, श्रावणात हितं पाय ठिवायला जागा नसतीय लेंड्यांनी, आन थंडीत म्या झाडूसुदिक मारत न्हाई." झाडू कुठल्या महिन्यात जास्त लागतो, हा वर्षाचा कच्चा आराखडा फुकटात मिळाला की!

वटवाघूळ पकडणं, जाळी लावणं, हातात घेणं यातलं काहीही आपण करायचं नाही. त्याला वन्यजीव कायद्याची परवानगी, ट्रेनिंग आणि लसी लागतात. पूर्वी १९७२ च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या यादीत टाकलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच रद्द झाली, आणि हे बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळं "ती तर उंदरासारखी, मारली तरी चालतात" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

दुसरं काम : कोण राहतंय ते ओळखणं

आधी एक गैरसमज काढून टाकू. वडा-पिंपळावर दिवसाढवळ्या कलकलाट करत लटकणारं ते अवाढव्य वटवाघूळ गुहेत राहत नाही, ते झाडावरचंच. गुहेतले गडी वेगळे, आणि एकाच गुहेत तीन-चार जातींची वेगवेगळी बिऱ्हाडं असू शकतात.

मोठे डोळे, कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड, तपकिरी रंग आणि दाटीवाटीनं कलकलाट करणारा जमाव असेल तर तो लेशनॉल्टचा रुसेट, फळं खाणारा. हा जिभेनं टक्-टक् आवाज काढून अंधारात वाट काढतो आणि तो आवाज आपल्या कानाला पण ऐकू येतो. याच्या खालची जमीन बघा. जांभळाच्या सीझनला विष्ठा जांभळट पडते, एरवी उंबराच्या बारीक बिया, चघळून टाकलेला चोथा, कधी पेरूच्या बिया. खालचा सडा बघून कुठल्या महिन्यात कुठलं झाड चालू आहे ते कळतं, म्हणून दरवेळी तोंडापाशी पडलेल्या सड्याचा एक फोटो काढून ठेवा.

छताला एकमेकांपासून वीतभर अंतर राखून, अगदी मोजून लावल्यासारखी लटकलेली दिसली तर बहुतेक श्नायडरची पाननाकी वटवाघळं. नाकावर घोड्याच्या नालाचा आकार असेल तर हॉर्सशू. गुहेच्या तोंडापाशी उजेडातच भिंतीला पोट चिकटवून बसलेली आणि आपण दिसलो की खेकड्यासारखी सरकत फटीत जाणारी ती टूम्ब बॅट, यांना मराठीत सगळीकडं चालणारं नाव नाही. मोठ्ठे जोडलेले कान, शेपूट नाही, आणि खाली बेडकाचे पाय, नाकतोड्याचे पंख, कधी चिमणीएवढ्या पक्ष्याची पिसं पडलेली, तर ते मेगाडर्मा, म्हंजे खोटं रक्तपिपासू. नाव भयानक आहे पण रक्तबिक्त काही पीत नाही, सरळ शिकार करून खातं. पूर्वेला खटाव-माण, आटपाडी-जतकडच्या कोरड्या गरम जागांत लांब बारीक शेपटीची उंदीरशेपटी वटवाघळं भेटू शकतात.

किडे खाणाऱ्यांची लेंडी उंदराच्या लेंडीसारखी दिसते, पण काडीनं दाबली की भुगा होतो आणि उन्हात किड्यांच्या पंखांचे कण चमकतात. उंदराची दाबली तर अशी चुरत नाही. ही टेस्ट काडीनंच करायची, बोटानं नाही.

ज्यांच्याकडं बॅट डिटेक्टर (आपल्या कानाला न ऐकू येणारे वटवाघळांचे आवाज पकडणारं यंत्र) आहे त्यांना काम सोपं. आपल्याकडं रूफस हॉर्सशू साधारण ८० किलोहर्ट्झच्या आसपास बोलतं, श्नायडरचं १३० च्या आसपास. मोबाईलला लावायचा डिटेक्टर घेणार असाल तर एक बघा, रेकॉर्डिंगच्या सँपलिंग रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्या आकड्याच्या) निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडला जातो, म्हंजे २५६ किलोहर्ट्झवाल्याला १२८ च्या वरचं ऐकूच येणार नाही, आणि तुम्ही लिहून मोकळे होणार की गुहेत पाननाकी नाहीत. ३८४ वालं घ्या.

तिसरं काम : वर्षाचं चक्र, याच्यावर सगळं अवलंबून आहे

आपल्या भागात पाऊस किती फरकानं पडतो ते माहितीच आहे. महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि जत-आटपाडीकडं जेमतेम पाचशेच्या घरात. त्यामुळं महाबळेश्वरच्या गुहेचं वेळापत्रक आटपाडीच्या गुहेला जसंच्या तसं लावायचं नाही. तरीपण ढोबळ चित्र असं असतं.

किडे खाणाऱ्या बऱ्याच जातींची पिल्लं एप्रिल ते जूनमध्ये जन्मतात. कारण साधं आहे, दूध पाजायचा आणि पिल्लं उडायला शिकायचा काळ पावसाळ्यातल्या किड्यांच्या सुकाळाशी जुळतो. मेगाडर्माचा माज नोव्हेंबरच्या आसपास आणि पिल्लं एप्रिल-मेच्या सुमाराला, गर्भ जवळजवळ पाच महिने. बाई एकावेळी एकच पिल्लू देते, हे बहुतेक सगळ्या गुहेतल्या वटवाघळांना लागू, आणि हे डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढं घट-वाढीच्या हिशेबात लागणार आहे. रुसेटचं मात्र वेगळं, त्यांची वर्षात दोन बाळंतपणं होतात, एक उन्हाळ्याच्या तोंडाला फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि दुसरं भर पावसात जुलै-ऑगस्टमध्ये. भारतातल्या वटवाघळांच्या प्रजननाबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं पुष्कळ काम नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे, म्हंजे हे ज्ञान आपल्याच राज्यातलं आहे.

आता मोजणाऱ्याच्या नजरेनं बघा. बाळंतपणाच्या महिन्यांत माद्या एका जागी गोळा होतात, काही जातींत नर दुसरीकडं असतात. सगळ्यात टोकाचं उदाहरण लांबपंखी वटवाघळांचं, ती बाळंतपणासाठी लांबलांबच्या गुहांमधून एका ठराविक गुहेत येतात आणि काम झालं की पांगतात. अशी गुहा मे-जूनमध्ये खचाखच आणि जानेवारीत ओकीबोकी दिसणार. ऑगस्टपासून पिल्लं स्वतः उडायला लागली की बाहेर पडणाऱ्यांचा आकडा एकदम फुगतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला बऱ्याच गुहांत तो सगळ्यात जास्त असतो. मग थंडी, किडे कमी, काही पांगतात, काही आतल्या उबदार कोपऱ्यात सरकतात, काही सुस्त पडतात आणि थंडीच्या रात्री बाहेरच पडत नाहीत. आपल्याकडं युरोपसारखी महिनोन्महिने झोप नाही. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या डिसेंबरच्या रात्री मोजणी कमी आली तर प्राणी कमी आहेत की नुस्ते घरात बसलेत हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

पश्चिमेकडच्या गुहांत अजून एक भानगड असते, जुलैत छत गळायला लागतं, खालचे कप्पे पाण्यानं भरतात आणि तिथला जमाव शेजारच्या दुसऱ्या कपारीत जातो. म्हणून तुमच्या गुहेच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यातल्या बाकीच्या जागापण माहिती करून घ्या. इथली पाचशे गेली आणि तिथं पाचशे वाढली, तर ती फक्त खोली बदलणं झालं.

चौथं काम : संध्याकाळची मोजणी

आत जाऊन मोजायचं नाही. मी हे जरा जोरात सांगतो कारण सगळ्यांना आतच जायचं असतं. मार्च ते ऑगस्ट तर अजिबात नाही, पिल्लं असताना जमाव भडकला की पिल्लं खाली पडतात आणि खाली पडलेलं पिल्लू बहुतेक मरतंच. आपण बाहेर बसून, तोंडातून निघणारी मोजायची.

दिवस कोणता? चांदणं लख्ख असलं की बरीच वटवाघळं उशिरा निघतात किंवा कमी निघतात. म्हणून संकष्टीपासून अमावास्येपर्यंतचा कुठलाही दिवस धरा, संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो आणि तो होईपर्यंत आपलं काम आटपतं, पुढच्या दिवसांत तो आणखीच उशिरा उगवतो. पण नोंद मात्र इंग्रजी महिन्यानंच ठेवा, तिथी दरवर्षी अकरा-एक दिवस मागं सरकते आणि अधिक महिन्यात पुढं उडी मारते, बाळंतपणं ऋतूवर चालतात, पंचांगावर नाही. जोराचा पाऊस असेल तर मोजणी दुसऱ्या दिवशी.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं पाहिजे. कॅलेंडरवर बहुतेक मुंबईची वेळ असते, आपण पूर्वेला असल्यामुळं आपल्याकडं सूर्य चार-पाच मिनिटं आधीच मावळतो. साताऱ्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सात-दहाच्या आसपास. घड्याळाच्या सात वाजता मोजणी असं ठरवून ठेवलं तर डिसेंबरात सगळी निघून गेलेली असतात आणि जूनला सुरुवातच झालेली नसते.

बसायचं कुठं ते महत्त्वाचं. तोंडाच्या समोर नाही, बाजूला, पाच-दहा मीटरवर, आणि खाली, म्हंजे वटवाघूळ आकाशाच्या उजेडासमोर काळं दिसलं पाहिजे, कातळासमोर गेलं की दिसतच नाही. मग एक रेष मनात पक्की करायची, समजा या खडकापासून त्या उंबराच्या फांदीपर्यंत. बाहेर पडण्याआधी ती तोंडाच्या आत गरगर फिरतात, बाहेर डोकावतात, परत जातात, हे सगळं सोडून द्यायचं. रेष ओलांडून बाहेर गेलं तर एक, रेष ओलांडून परत आत आलं तर एक वजा.

मोजायला महागडं काही नको. बोटात घालायचं नामजपाचं डिजिटल काउंटर असतंय ना, देवस्थानाबाहेर प्रत्येक दुकानात मिळतंय, दोन घ्या, उजव्या हातात बाहेर जाणाऱ्यांचं आणि डाव्यात परत येणाऱ्यांचं. फोन फ्लाइट मोडवर टाकून व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि दर मिनिटाला दोन्ही आकडे तोंडानं बोलायचे, म्हंजे लिहायला टॉर्च लावावा लागत नाही आणि नंतर घरी बसून कुठल्या मिनिटाला किती निघाली याचा तक्ता तयार होतो. हा मिनिटवार तक्ता सोन्याच्या मोलाचा, कारण जाती वेगवेगळ्या वेळी निघतात. टूम्ब बॅट उजेड असतानाच उंच उडत जातात, रुसेट चांगला अंधार पडल्यावर. तक्त्यात दोन टेकड्या दिसल्या तर समजायचं की दोन जातींचे जमाव आहेत.

शेवटचं वटवाघूळ गेल्यावर दहा मिनिटं थांबायचं, एकही नाही आलं तरच बंद. अंधार पडून दिसेनासं झालं म्हणून उठला तर तसं लिहा : "दिसत नाही म्हणून थांबवली", कारण ती अपुरी मोजणी आहे आणि तिचा वेगळा हिशेब.

एकदम लोंढा निघत असेल, मिनिटाला शंभराच्या वर, तर दर मिनिटाचे पहिले दहा सेकंद मोजून सहानं गुणा, आणि दरवर्षी तसंच करा. जमलं तर जुना नाइटशॉटवाला (अंधारात शूट करणारा) हँडीकॅम शोधा, सेकंडहँडमध्ये मिळतो, त्याला सीसीटीव्हीचा इन्फ्रारेड दिवा आणि बारा व्होल्टची बॅटरी. वटवाघळांना त्याचा त्रास होत नाही आणि घरी पाव स्पीडनं बघून खरा आकडा निघतो. महिनाभर हाताची आणि व्हिडिओची दोन्ही मोजणी केली की तुम्ही साधारण किती टक्के चुकवता ते कळतं. दोन माणसं असतील तर दोघांनी एकमेकांशी न बोलता मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सरासरी काढून एकच लिहू नका. १,२४० आणि १,०९० हे दोन्ही बघितल्यावर पुढच्या माणसाला कळतं की इथं साधारण १२-१४ टक्क्यांचा फरक पडतोच.

वहीत काय काय

तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिलं आणि शेवटचं वटवाघूळ किती वाजता, तापमान, ढग, वारा, पाऊस, मोजणारा कोण, बसायची जागा, मिनिटवार आकडे. आणि एक रकाना "त्या दिवशी वेगळं काय" असा. यात्रा होती, वणवा लागला होता, जवळच्या खाणीत सुरुंग उडवले, मंदिरात नवीन हॅलोजन बसवला, शेजारच्या बागेला औषध मारलं, असलं सगळं. पाच वर्षांनी आकडा का पडला ते शोधताना हाच रकाना कामाला येतो.

ऑक्टोबरच्या शेवटी, पिल्लं मोठी झाल्यावर, तोंडापासून थोडंच आत मीटर बाय मीटरचा प्लास्टिकचा तुकडा आठवडाभर अंथरून ठेवता येतो. नेत्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून वापरा, एवढा टिकाऊ माल दुसरा नाही. वाळलेल्या लेंड्यांचं वजन करून लिहा. हा आकडा मोजणीची जागा घेत नाही, पण बाहेरच्या आकड्याला साक्षीदार म्हणून चालतो.

जिवाची काळजी

सातारा-सांगलीच्या कड्यांवर सगळ्यात मोठा धोका वटवाघूळ नाही, आग्या मोहोळ. गुहेच्या कपाळाला मोहोळ लटकलेलं असेल तर त्या दिवशी मोजणी रद्द, सेंट नको, सिगारेट नको, डोक्यावर फोकस टॉर्च तर नकोच. दगडांत हात घालायचा नाही, घोणस त्याच उबदार जागेला येते. एकट्यानं जायचं नाही, घरी सांगून जायचं.

लेंड्यांच्या ढिगात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते, धूळ उडाली की ती फुप्फुसात जाते, म्हणून तोंडाच्या आत पाऊल टाकायचं तर एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, बूट. बूट घरी येऊन धुवायचे आणि एका गुहेतले बूट तसेच दुसऱ्या गुहेत न्यायचे नाहीत. अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा टिपला गेलेला व्हाइट-नोज नावाचा बुरशीचा रोग तिथल्या लाखो वटवाघळांना संपवत गेला, आणि माणसांच्या बुटा-कपड्यांवरून बुरशी गुहेतून गुहेत जाऊ शकते म्हणून तिथं निर्जंतुकीकरणाचे नियम करावे लागले. चावलं किंवा ओरखडलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, रेबीजची लस, चर्चा नंतर.

निपाह विषाणूचं पण सांगतो कारण विचारलं जातंच. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की काहींमध्ये निपाहच्या खुणा मिळाल्या. त्यावरून बातम्या आल्या आणि गुहा जाळायच्या गोष्टी सुरू झाल्या. धूर करून हाकललं तर तीच वटवाघळं गावातल्या जुन्या वाड्यात आणि विहिरीत येऊन बसणार, म्हंजे अंतर वाढायच्या ऐवजी कमी होणार. उष्टं फळ खायचं नाही, हात लावायचा नाही, एवढं पाळा.

पाचवं काम : वर्षानुवर्षांची तुलना

पहिल्या वर्षी दर महिन्याला मोजा. त्यातून तुमच्या गुहेचे दोन ठराविक आठवडे निवडा, आणि पुढं कितीही आळस आला तरी ते दोन सोडू नका. एक, पिल्लं जन्मायच्या आधीचा, किडे खाणाऱ्यांसाठी मार्चचा दुसरा पंधरवडा चांगला. यात फक्त मोठी वटवाघळं मोजली जातात. दुसरा, पिल्लं उडायला लागल्यावरचा, सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात. रुसेटची गुहा असेल तर जानेवारी आणि ऑक्टोबर धरा.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की गुहा बोलायला लागते. मार्चचा आकडा जागेवर आहे पण ऑक्टोबरचा पडला, तर त्या साली पिल्लं जगली नाहीत, पाऊस लांबला असेल, किडे नसतील, बाळंतपणाच्या दिवसांत कोणी आत फटाके वाजवले असतील. असं एखादं साल आलं तर घाबरायचं नाही. पण मार्चचाच आकडा ओळीनं घसरतोय तर मोठी जनावरं मरतायत किंवा कायमची उठून गेलीत, आणि हे गंभीर आहे, कारण बाई वर्षाला एक पिल्लू देणारी, भरून यायला वर्षं लागतात. उंदरासारखं एका हंगामात डबल होत नाही.

घसरण डोळ्याला दिसत नाही ही खरी अडचण. समजा १,००० वटवाघळं आहेत आणि दरवर्षी ५ टक्के कमी होतात. पुढच्या वर्षी ९५०. तुमच्या मोजणीतलाच फरक १२ टक्के, तुम्हाला काय कळणार कपाळ! दहा वर्षांनी ती ६०० च्या आसपास येतात, म्हंजे ४० टक्के गेली आणि एकाही वर्षी कोणाला "कमी झाली" असं वाटलं नाही. म्हणून दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर पोस्ट लिहू नका. ब्रिटनमध्ये सामान्य लोकांना घेऊन वटवाघळं मोजायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९६ पासून सलग चालू आहे, आणि त्यांचे कल विश्वासानं सांगता येतात ते या सलगपणामुळंच.

पद्धत बदलली की काय होतं त्याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतला आहे. न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅड गुहेत १९३६ साली एका माणसानं लोंढ्याची जाडी, वेग आणि वेळ यांचा गुणाकार करून ८७ लाख वटवाघळं काढली. नंतरच्या मोजण्यांत काही लाखच आली, आणि कित्येक वर्षं ती भयानक घट म्हणून सांगितली गेली. पुढं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थर्मल कॅमेऱ्यानं (अंगाच्या उष्णतेवरून चित्र टिपणाऱ्या) तिकडच्या सहा मोठ्या गुहा मोजल्या तर मिळून ४० लाखांच्या आसपास आली, १९५७ च्या अंदाजात त्यांचीच ५ कोटी ४० लाख होती. आता यातली किती खरंच मेली आणि किती आधीपासून नव्हतीच, हे वेगळं काढणं फार अवघड झालंय. कॅमेरा घेतलात, जागा बदललीत, माणूस बदलला, तर निदान एक वर्ष जुनी आणि नवी पद्धत बरोबर चालवा.

आपल्याकडं जुने आकडे अगदीच नाहीत असं नाही. फ्रेंच अभ्यासक आंद्रे ब्रॉसे यांनी पश्चिम आणि मध्य भारतातल्या गुहा, लेणी, किल्ले फिरून लिहिलेली लेखमाला १९६२-६३ मध्ये बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये आली. तुमच्या गुहेचं नाव त्यात निघालं तर भारीच, पण त्याची तुलना करताना त्यांनी कुठल्या महिन्यात बघितलं होतं ते आधी तपासा.

आकडा पडला तर

आधी शेजारच्या जागा बघा. मग "वेगळं काय" वाचा. आपल्या भागात नेहमीचे संशयित म्हंजे गुहामंदिराचं सुशोभीकरण, आत फरशी, ऑइलपेंट आणि रात्रभर चालणारे दिवे, मग तोंडाला बारीक जाळी, जी वटवाघळांना बाहेरच पडू देत नाही. दार लावायचंच असेल तर उभ्या जाळीऐवजी आडव्या सळया, मधलं अंतर साधारण १५ सेंटिमीटर, ही बाहेरच्या देशांत छोट्या जातींसाठी चाललेली पद्धत आहे. रुसेटसारख्या मोठ्यांना तीपण अडचणीची होऊ शकते, म्हणून तिथं जाणकाराला विचारल्याशिवाय लोखंड कापू नका. दिव्याचं मात्र गावकऱ्यांशी बोलून सुटतं, आरती झाली की आतला दिवा बंद, बाहेरचा चालू, एवढंच मागा.

फळं खाणाऱ्यांची घट असेल तर बाहेर बघा, रस्ता रुंदीकरणात जुने वड-उंबर गेले का. तासगाव-कवठेमहांकाळकडं द्राक्षाच्या सीझनला बागांवर वटवाघळं येतात, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, ते नाकारून बोलणी पुढं जात नाहीत. बागेला नीट ताणलेलं जाळं लावलं तर फळ वाचतं. ढिलं जाळं लावलं तर वटवाघूळ अडकून मरतं, आणि फळपण जातं.

पाच वर्षांचे आकडे झाले की त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लोक जैवविविधता नोंदवही प्रत्येक गावानं ठेवायची असते, बऱ्याच ठिकाणी ती एकदा भरून कपाटात पडलेली आहे. दुसरी प्रत वनखात्याच्या रेंज ऑफिसला, तिसरी जवळच्या कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटला, पोच घेऊन. आणि मूळ वहीच्या पहिल्या पानावर बसायच्या जागेचा फोटो चिकटवा, रेष कुठून कुठं ते पेनानं आखा, दोन आठवडे कोणते ते लिहा. तुमची बदली झाली, पोरगं पुण्याला गेलं म्हणून तुम्हीपण गेलात, तर जो कोणी पुढं मोजेल त्यानं त्याच दगडावर बसलं पाहिजे.